पैलवानाचा मुखवटा शिवताना

खान्देशातल्या कुस्त्यांच्या दंगलीत पैलवान मैदानात उतरला की भोंग्यावरून आधी त्याचं नाव पुकारतात, मग गाव, मग वस्ताद. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा त्यांच्या नावामागे सायगावही गाजलं. मेक्सिकोतल्या मुखवटेवाल्या पैलवानांचं बरोबर उलटं आहे. तिथे नावगाव झाकलेलं असतं. मुखवट्यावर मुखवटा अशी पैज लागली तर हरणाऱ्याला रिंगणातच तो उतरवावा लागतो आणि आपलं खरं नाव, गाव, किती वर्षं लढतो आहे हे सगळ्यांसमोर सांगावं लागतं. ७ नोव्हेंबर १९५२ रोजी एल सांतोने ब्लॅक शॅडोचा मुखवटा असाच उतरवला. सांतो स्वतः ५ फेब्रुवारी १९८४ रोजी गेला आणि त्याला त्याच्या चंदेरी मुखवट्यासकटच पुरलं.

हे आधी सांगायचं कारण एवढंच, की शिवायला घेतलेली वस्तू टोपी नाही. तो त्या माणसाचा चेहरा आहे. ओढाताणीत तो फिरला, डोळ्यांवर आला किंवा निघून आला, तर लढत तिथेच बिघडते. गणपतीतला सजीव देखावा असो, शाळेचं संमेलन असो, की तालमीतून व्यावसायिक रिंगकडे वळलेला एखादा गडी असो, माप आणि बेत तेच. फरक नाडीत आणि कापडात पडतो.

१९३४ मध्ये मेक्सिको सिटीत असा पहिला मुखवटा शिवला तो अंतोनियो मार्तिनेझ या बूट बनवणाऱ्या कारागिराने, आणि तो कातड्याचा होता. चार तुकडे, मागे उघडा, बुटासारखी नाडी, हीच बांधणी आजही चालते. कातडं मात्र गेलं, त्याची जागा ताणणाऱ्या कापडाने घेतली. खान्देशच्या उन्हाळ्यात तर कातडं किंवा जाड रेग्झिनचा अख्खा मुखवटा शिवूच नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. मांडवाखाली, दिव्यांच्या झोतात, धापा टाकणाऱ्या माणसाचं डोकं त्यात उकडून निघेल.

कापड आणि सामान

वरच्या थरासाठी चारही बाजूंना ताणणारं लायक्रा घ्यावं, वजन २०० ते २२० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम. दुकानात 'फोर वे' म्हणून मागितलं की मिळतं. हाताने आडवं ताणून पाहावं, उभं ताणून पाहावं, आणि सोडल्यावर ते लगेच जागेवर येतं का ते बघावं. आडवंच ताणणारं कापड स्वस्त पडतं, पण जबडा उघडला की ते डोळ्यांची भोकं खाली ओढतं. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर हवा तो रंग नाही मिळाला तर ताप्ती लाइनने सुरत गाठावं, सिंथेटिक कापडाचा मोठा बाजार तिथे आहे. १५० सेंटिमीटर पन्ह्याचं अर्धा मीटर कापड एका मोठ्या माणसाच्या मुखवट्याला पुरून उरतं.

अस्तराला खेळाडूंच्या जर्सीला वापरतात ती पातळ जाळी घ्यावी. सुती अस्तर घाम पितं खरं, पण मग ओलं होऊन जड होतं आणि गालाला चिकटून बसतं. डोळे-तोंडाच्या कडांना पातळ, मऊ रेग्झिन लागेल. शिवाय पॉलिस्टर दोरा, १२० ते १३० सेंटिमीटर चपटी नाडी, आणि मागच्या कडांसाठी कॅनव्हासची पट्टी. सुती दोरा वापरू नये. कापड ताणतं, दोरा ताणत नाही, आणि पहिल्याच झटापटीत टीप तडकते.

बेतण्याआधी रंग तपासावा. पांढरं फडकं मिठाच्या पाण्यात भिजवून लायक्रावर जोरात घासावं. फडक्यावर लाल-निळं उतरलं तर घामानेही उतरणार, आणि शेजारचं पांढरं रेग्झिन गुलाबी होणार. तो ताका परत करावा.

माप

टेप घट्ट आवळू नये, नुसता टेकवावा. भुवयांवरून डोक्याचा घेर (मोठ्या माणसाचा बहुधा ५६ ते ६०), हनुवटीखालून टाळूवरून परत हनुवटीपर्यंतचा उभा घेर, टाळूपासून नाकाच्या मुळापर्यंत, नाकाच्या मुळापासून खालच्या ओठापर्यंत, दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर, टाळूपासून मानेच्या खळगीपर्यंत, आणि मानेचा घेर. सगळं सेंटिमीटरमध्ये लिहावं. इंचाच्या सुतांचा हिशेब इतक्या लहान तुकड्यांत घोटाळे करतो.

उभा घेर दोनदा घ्यावा, एकदा तोंड मिटून आणि एकदा आ करून. लढणारा माणूस तोंडाने श्वास घेतो. मिटलेल्या तोंडाच्या मापावर शिवलेला मुखवटा आरशासमोर झकास बसतो. आ केला की हनुवटीचं कापड खाली खेचलं जातं आणि भोकांची वरची कड पापणीवर येते. त्यामुळे बेत उघड्या तोंडाच्या मापावरच करावा. मिटल्या तोंडी हनुवटीखाली थोडी चुणी दिसली तर दिसू द्यावी.

तालमीतल्या पैलवानाचे कान मोडलेले असतात, हे शहरातल्या शिंप्याच्या हमखास ध्यानात राहत नाही. सुजून गठ्ठा झालेला कान घट्ट लायक्राखाली अर्ध्या तासात ठणकायला लागतो. अशा गड्याच्या बाजूच्या शिवणीत कानाच्या उंचीवर दोन्हीकडे अर्धा-अर्धा सेंटिमीटर फुगवटा द्यावा. नाहीतर कानाजागी भोक ठेवून त्याला रेग्झिनचा गोट मारावा. भोक जास्त चांगलं, पंचाची हाकही ऐकू येते.

बेतणं

पुढचे दोन तुकडे, मागचे दोन. पुढची शिवण टाळूवरून कपाळ, नाक, हनुवटी अशी मधोमध उतरते. मागचे तुकडे एकमेकांना मिळत नाहीत. मधे ३ सेंटिमीटरची फट राहते आणि तिच्याखाली ७ सेंटिमीटर रुंदीची जीभ, म्हणजे बुटाच्या जिभेसारखी पट्टी, येते.

डोक्याचा घेर ५८ असेल तर हिशेब असा. लायक्रा अंगाला धरून बसावं म्हणून ८ टक्के कमी, म्हणजे साधारण ५३. त्यातून फटीचे ३ वजा, राहिले ५०. पुढचा एकेक तुकडा १३.५ आणि मागचा ११.५, दुपटीने बरोबर ५० होतात. शिलाईची माया प्रत्येक कडेला पाऊण सेंटिमीटर वेगळी धरावी. उभ्या बाजूला मात्र ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नये. आडवा ताण मुखवटा धरून ठेवतो, उभा ताण नाक दाबतो. घट्ट म्हणजे पक्कं असं समजून दोन्हीकडे १५-१५ टक्के कापून टाकणारे आहेत. त्यांचे मुखवटे कपाळावर लाल वळ उठवतात आणि पैलवान दहा मिनिटांत ते काढून फेकतो.

फर्मा आधी जाड कागदावर काढावा आणि जुन्या टी-शर्टच्या कापडात कच्च्या टाक्यांनी एकदा उभा करावा. डोक्यावर घालून बघितल्याशिवाय लायक्राला कात्री लावू नये.

डोळे

सगळं कसब इथे आहे. भोकं फर्म्यावर आखून थेट कापली तर हमखास चुकतात, कारण ताणलेल्या कापडावर ती सरकतात आणि फाकतात. पुढचे दोन तुकडे मधल्या शिवणीने जोडावेत, बाजू आणि मागचा भाग कच्च्या टाक्यांनी धरावा, आणि माणसाला घालायला द्यावा. त्याला डोळे मिटायला सांगावं. बोटाच्या टोकाने खोबणीचं हाड चाचपत खडूने खूण करावी. मग काढून दोन्ही बाजू दुमडून एकमेकींवर ठेवाव्यात आणि खुणा जुळतात का ते बघावं. अर्धा सेंटिमीटर फरक चालतो, माणसाचा चेहरा काही सारखा नसतो. पण मुखवटा सारखा दिसला पाहिजे, म्हणून मधली रेघ पकडावी.

आता भोक न कापताच खुणेभोवती रेग्झिनची १ सेंटिमीटर रुंदीची कडी टीप मारून बसवावी. कडी पक्की झाली की आतलं लायक्रा उलट्या बाजूने कापावं. हा क्रम उलटा केला तर कापलेली कड लाटांसारखी फाकते आणि कितीही टिपा मारल्या तरी सरळ होत नाही. आधी भोक लहानच ठेवावं, अडीच बाय दीड. पुन्हा घालून बघत वाढवावं. शेवटी ते साधारण ५ रुंद आणि ३ उंच होतं. बाहेरचा कोपरा डोळ्याच्या कोपऱ्यापुढे १ सेंटिमीटर जाऊ द्यावा. समोरचा गडी बाजूने येतो, आणि दोरावरून उडी घेणाऱ्याला खालचं दिसावं लागतं. म्हणून खालची कड गालाच्या हाडावर टेकलेली हवी, त्याच्या वर नको.

भोकांना जाळी लावली की चेहरा गूढ दिसतो हे खरं. पण ती फोटोपुरती. घाम जाळीत साचला की समोर धुकं उतरल्यासारखं होतं, आणि अशा डोळ्यांनी कोणी कोणाला डोक्यावर उचलून घेऊ नये.

नाकपुड्या पूर्ण मोकळ्या, तोंड ७ बाय ४. लहान मुलांच्या संमेलनाचा मुखवटा असेल तर तोंडाचं भोक हनुवटीपर्यंत उघडं सोडावं आणि नाडीऐवजी वेल्क्रो लावावं, म्हणजे पोरगं घाबरलं तर स्वतःच्या हाताने काढू शकेल.

शिवण

नक्षी सपाट तुकड्यांवर आधी, मग मधली शिवण, डोळे-तोंड, मागच्या पट्ट्या, बाजूच्या शिवणी, अस्तर, आणि शेवटी गळ्याची कड. लायक्राला गोल टोकाची ११ नंबरची सुई लावावी. साधी टोकदार सुई धागा तोडत जाते आणि टाके सुटतात. सरळ टीप इथे नको, झिगझॅग हवी. घरच्या मशीनवर ती नसेल तर फॉल-पिकोच्या मशीनवर निघते, आणि ती मशीन गल्लोगल्ली आहे.

रेग्झिनला १४ नंबरची सुई आणि लांब टाका, ३ मिलिमीटर. बारीक टाके मारले की भोकं जवळ जवळ पडतात आणि पट्टी पोस्टाच्या तिकिटासारखी त्या रेघेवर फाटते. मशीनचा पाय रेग्झिनला चिकटत असेल तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून टीप मारावी, नंतर कागद ओढून काढावा. टाचण्या लावू नयेत, त्यांची भोकं कायमची राहतात. कपड्याचे चिमटे पुरतात.

नक्षीत तीन रंगांपेक्षा जास्त नकोत आणि कुठलीही रेघ दीड सेंटिमीटरपेक्षा बारीक नको, लांब बसलेल्याला ती दिसतच नाही. केळीच्या पानाची हिरवी शीर कपाळावरून गालावर उतरवली तर सुंदर दिसते, आणि ती आपल्या मातीची आहे. रे मिस्टेरिओ या मुखवटेवाल्या पैलवानाच्या नक्षीची हुबेहूब नक्कल करून विकू नये. ती त्याची ओळख आहे. कानबाईचं किंवा कुठल्याही देवाचं चिन्ह तर मुळीच नको. मुखवटा ओढला जाणार, पायाखाली येणार.

मागची नाडी

दोन्ही कडांना आतून अडीच सेंटिमीटर रुंद कॅनव्हासची पट्टी लावावी, नाहीतर भोकं ताणून फाटतात. १८ सेंटिमीटर उंचीत सात जोड्या बसतात: दोन भोकांत अडीच सेंटिमीटर, वर-खाली दीड-दीड. धातूच्या आयलेट, म्हणजे भोकाभोवती ठोकायच्या कड्या, दिसायला नेटक्या, पण पाठीवर आपटी बसली की डोक्याच्या मागे रुततात. लढणाऱ्यासाठी हाताने काज करावेत, देखाव्यासाठी आयलेट चालतील. जीभ वरच्या टोकालाच शिवावी आणि तिच्यात ३ मिलिमीटरचा फोम घालावा.

नाडी वरून खाली फुल्या मारत आणावी आणि सर्वांत वरच्या फुलीवर एक गाठ ठेवावी, म्हणजे खालची सुटली तरी वरचा भाग धरून राहतो. बांधल्यावर मानेशी दोन बोटं सहज गेली पाहिजेत. उरलेली टोकं आत खोचावीत. रिंगजवळ बोथट टोकाची कात्री असू द्यावी. श्वास अडला तर मुखवटा ओढायचा नाही, नाडी कापायची. मानेला मार लागल्याची शंका असेल तर डोकं जागचं हलू न देता.

नंतरची निगा

लढतीनंतर तासाभरात गार पाण्यात थोड्या शाम्पूने धुवावा. पिळू नये, टॉवेलात गुंडाळून दाबावा. आपल्याकडच्या उन्हात वाळत घातला तर महिन्याभरात रेग्झिनला भेगा पडतात आणि लायक्राचा ताण मरतो. सावलीत, डोक्याच्या घेराएवढ्या मातीच्या मडक्यावर उलटा घालून ठेवावा. माती ओल शोषते, आकारही टिकतो. तेच मडकं पुढे फिटिंगला उपयोगी पडतं.

एका पैलवानाला निदान दोन मुखवटे हवेत, एक अंगावर आणि एक वाळत. दुसऱ्याला घालायला देऊ नये, तालमीत गजकर्ण असाच पसरतो. दर महिन्याला आतून बोट फिरवून मधल्या शिवणीचे टाके तपासावेत. पहिला टाका सुटतो तो नाकाच्या मुळाशी. तिथे ताण सगळ्यात जास्त असतो, म्हणून शिवतानाच तेवढ्या ४ सेंटिमीटरला दुहेरी टीप मारावी.