चरबीपासून कप ग्रीस: चुना, पाणी आणि तापमानाचा हिशेब

जनावरांच्या चरबीतून निघणारी रसायने कारखान्यात बहुतेक वेळा सुटी होऊन पोचतात. स्टिअरिक ॲसिड रबरात झिंक ऑक्साइडच्या जोडीला पडते, १०० भाग रबराला १ ते २ भाग. कॅल्शियम आणि झिंक स्टिअरेट पीव्हीसीला उष्णतेत टिकायला आणि साच्यातून सुटायला मदत करतात. ग्लिसरीन रंगांसाठी लागणाऱ्या अल्किड रेझिनमध्ये जाते. कप ग्रीसमध्ये, म्हणजे खनिज तेल चुन्याच्या साबणाने घट्ट करून केलेल्या वंगणात, मात्र अख्खी चरबीच वापरतात, आणि तिचे ग्लिसरीनही ग्रीसमध्येच राहते.

यासाठी गुरांची चरबी, म्हणजे टॅलो, फार सोयीची. तिच्यात ढोबळमानाने ४०% ओलेइक, २५% पामिटिक आणि २०% स्टिअरिक ॲसिड असते. नुसत्या स्टिअरिक ॲसिडचे ग्रीस कडक होते आणि तेल सोडते, नुसत्या ओलेइकचे ढिले पडते. टॅलोत दोन्हींचा मेळ आयताच मिळतो. खाली दिलेले प्रमाण १० किलोच्या बॅचचे आहे.

चरबीची तपासणी

चरबी ७० अंशांवर वितळवून बारीक जाळीतून गाळा. तिच्या निम्मे गरम पाणी आणि चमचाभर मीठ घालून ढवळा, दोन तास स्थिर ठेवा आणि खालचे पाणी काढून टाका. मग १०५ ते ११० अंशांवर तडतड थांबेपर्यंत सुकवा. ओली चरबी वजनात फसवते आणि पुढचा सगळा हिशेब वजनावर आहे.

आम्ल अंकासाठी (चरबीत मोकळे आम्ल किती ते सांगणारा आकडा) ५ ग्रॅम चरबी ५० मिली उदासीन केलेल्या गरम अल्कोहोलमध्ये घ्या, फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारा सूचक) टाका आणि ०.१ नॉर्मल पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) थेंबाथेंबाने घालत फिकट गुलाबी रंग येईपर्यंत टायट्रेट करा. ८.९ मिली लागले तर ८.९ × ०.१ × ५६.१ ÷ ५, म्हणजे आम्ल अंक १०. त्याच्या निम्मे, म्हणजे साधारण ५%, हे मोकळे फॅटी ॲसिड. साबणवाला अशा चरबीला नाक मुरडेल. ग्रीससाठी ती चांगलीच, कारण मोकळे आम्ल चुन्याशी लगेच जुळते आणि आधी तयार झालेला साबण उरलेली चरबी तेल-पाण्यात मिसळवून देतो. पण वास खवट आणि रंग गडद तपकिरी असेल, तर तो वास ग्रीसमध्येही राहणार.

साबणीकरण अंक, म्हणजे एक ग्रॅम चरबीचा साबण व्हायला लागणारे पोटॅशचे मिलिग्रॅम, काढल्याशिवाय चुना तोलू नका. २ ग्रॅम चरबी, २५ मिली ०.५ नॉर्मल अल्कोहोली पोटॅश, एक तास रिफ्लक्स (वाफ थंड होऊन परत आत पडेल असे उकळणे), मग ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडने टायट्रेशन. चरबी न घालता तसाच एक ब्लँक. ब्लँकला २५.० आणि नमुन्याला ११.१ मिली लागले तर फरक १३.९, आणि १३.९ × ०.५ × ५६.१ ÷ २ म्हणजे १९५. टॅलोचा अंक १९० ते २०० मध्ये बसतो. बराच खाली आला तर चरबीत खनिज तेल किंवा मेण मिसळले असल्याचा संशय घ्या.

चुना

सर्वाधिक बॅच इथेच बिघडतात. हायड्रेटेड लाइमची पिशवी उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना हळूहळू कार्बोनेट होतो. दिसायला तीच पांढरी पूड, पण कार्बोनेट चरबीला लागत नाही. चिमूटभर पूड थोड्या पाण्यात कालवून वर सौम्य ॲसिडचे थेंब टाका. जोरात फसफसले तर ती पिशवी बाजूला ठेवा.

नेमकी शुद्धता साखरेच्या पाण्यात कळते. ०.५ ग्रॅम चुना १०० मिली १०% साखरेच्या द्रावणात वीस मिनिटे हलवा आणि फिनॉल्फ्थॅलीन टाकून ०.५ नॉर्मल ॲसिडने टायट्रेट करा. साखर मोकळा चुना विरघळवते, कार्बोनेटला फारशी हात लावत नाही. पूर्ण शुद्ध चुन्याला २७ मिली लागतात, २४.८ लागले तर शुद्धता ९२%.

आता हिशेब. १.४ किलो चरबीला साबणीकरण अंक १९५ धरून २७३ ग्रॅम पोटॅश लागला असता. त्याला ५६.१ ने भागा, दोनाने भागा (चुन्याचा एक रेणू पोटॅशच्या दोघांचे काम करतो) आणि ७४.१ ने गुणा: १८० ग्रॅम शुद्ध चुना. ९२ टक्क्यांच्या मालाचे १९६ ग्रॅम. वर ३ ते ४% जादा, म्हणजे साधारण २०३ ग्रॅम. चुना कमी पडला तर मोकळे आम्ल उरते आणि ग्रीस ढिले होते. फार झाला तर ग्रीसमध्ये कण राहतात आणि ते बेअरिंगला घासतात.

तेल ८.३ किलो, ४० अंशांवर दाटपणा १०० ते १५० सेंटिस्टोक. नॅफ्थेनिक तेल मिळाले तर तेच घ्या, ते कमी साबणात दाट होते. फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ पेट घेते ते तापमान) २०० अंशांच्या वर हवा.

शिजवणी

केटल बॅचच्या निदान दुप्पट मोठी घ्या, कारण फेस चांगलाच चढतो. आच उघडी नको. तेलाचे जॅकेट किंवा विजेचे हीटर लावा. ढवळणी भिंत खरवडणारी हवी, नाहीतर साबण भिंतीला धरून जळतो.

चरबी आणि २ किलो तेल ८५ अंशांवर आणा. चुना बारीक चाळणीतून चाळून ४०० मिली पाण्यात कालवा आणि हे चुन्याचे दूध अर्ध्या तासात थोडे थोडे ओता. डोळ्यांवर गॉगल असू द्या, चुन्याचा एक शिंतोडा डोळ्याला कायमचा त्रास देऊ शकतो. तासभर ९५ ते १०० अंशांवर ठेवा. मिश्रण आधी ताकासारखे पातळ असते, मग जड होते, मग त्याच्या गाठी दिसू लागतात. गाठी पाहून घाबरून तेल ओतू नका. तापमान सावकाश, दोन-तीन तासांत, १४० ते १५० अंशांपर्यंत चढवा. पाणी उडत जाते, फेस बसतो आणि गाठी विरून चिकट, चकचकीत लगदा होतो.

शिजले की नाही हे ठरवायला चमचाभर लगदा थोडे पाणी घातलेल्या उदासीन अल्कोहोलमध्ये गरम करा आणि फिनॉल्फ्थॅलीन टाका. गडद गुलाबी आला तर चुना अजून मोकळा आहे, आणखी तासभर ठेवा. रंगच नाही आला तर चुना कमी पडला. ५ ग्रॅम चुना थोड्या तेलात घोटून घाला आणि पुन्हा पाहा. फिकट गुलाबी रंग टिकला की काम झाले.

पाणी परत देणे

आच बंद करून २ किलो थंड तेल हळूहळू घाला आणि केटल १०० अंशांच्या किंचित खाली उतरू द्या. आता १२० ग्रॅम पाणी अगदी बारीक धारेने सोडा. कॅल्शियम साबणाचे तंतू तेलात टिकतात ते पाण्याच्या आधारावर; ग्रीसच्या वजनाच्या १ ते १.५% पाणी नसेल तर साबण एकीकडे आणि तेल दुसरीकडे होते. पाणी बसते तो क्षण डोळ्यांना दिसतो. ढवळणीमागे दोरीसारखा ओढला जाणारा अर्धपारदर्शक लगदा काही मिनिटांत अपारदर्शक आणि लोण्यासारखा मऊ होतो, आणि त्यावर ढवळणीचे चरे तसेच राहू लागतात. १०५ अंशांच्या वर पाणी कधीही घालू नका. ते तेलात उसळून केटलबाहेर येते.

उरलेले ४.३ किलो तेल ९५ वरून ७० अंशांपर्यंत उतरत असताना, आधीचे पूर्ण मुरल्यावरच पुढचे, असे घाला. घाई केली तर गुठळ्या होतात आणि त्या नंतर मिलमध्येही पूर्ण मोडत नाहीत. ६० अंशांच्या आसपास ग्रीस मिलमधून किंवा ६० मेशच्या जाळीतून काढा.

पेनिट्रेशन (शंकू ग्रीसमध्ये किती रुततो, मिलिमीटरच्या दहाव्या भागांत) लगेच मोजू नका. २४ तास निवू द्या आणि २५ अंशांवर, ६० वेळा घोटून मोजा. २६५ ते २९५ आले तर ग्रेड २, २२० ते २५० आले तर ग्रेड ३. दाट झाले तर गरम करून थोडे तेल वाढवता येते. ढिले झाल्यास आधी पाण्याचा अंश पाहा, मग साबणाला दोष द्या. ड्रॉप पॉइंट (तापवताना ग्रीसचा पहिला थेंब गळतो ते तापमान) ९० ते १०० अंशांत येतो. ८५ च्या खाली गेला तर बहुतेकदा पाणी कमी असते; ९५ अंशांवर आणून ५० ग्रॅम पाणी घालून घोटले की बॅच सुधारते.

कुठे वापरावे

पाण्यासमोर हे ग्रीस उत्तम टिकते. पंपाचे ग्लँड, हळू फिरणारी बेअरिंग, उघड्या पिना, पाण्यात भिजणारे सांधे ही त्याची जागा. ६० अंशांच्या वर सतत तापणाऱ्या ठिकाणी देऊ नका. पाणी उडून गेले की ग्रीस पातळ होऊन गळते आणि थंड झाल्यावर पूर्वीसारखे होत नाही. तिथे लिथियम ग्रीस हवे. सोडियम ग्रीसवर हे भरू नका, दोन्ही ढिली पडतात. आधी जुने पूर्ण काढून टाका.

गिऱ्हाइकाला मालाच्या कागदावर चरबीचा उगम स्पष्ट लिहून द्या. बँक ऑफ इंग्लंडच्या ५ पौंडांच्या पॉलिमर नोटेत टॅलोचा अत्यल्प अंश असल्याचे २०१६ मध्ये उघड झाले, तेव्हा शाकाहारी आणि हिंदू लोकांनी तीव्र आक्षेप घेतला होता. तो अंश प्लास्टिकच्या गोळ्यांतून आला होता. स्टिअरेट, ग्लिसरीन आणि ग्रीस वनस्पतिजन्य तेलापासूनही बनते, दिसायलाही बहुतेक वेळा तसेच असते, त्यामुळे घेणाऱ्याला नुसते पाहून ओळखता येत नाही.

डबे काठोकाठ भरून घट्ट बंद ठेवा. महिनाभराने झाकण उघडून पाहा: वर तेलाचा पातळ थर आला असेल तर ढवळून चालते, बोटभर तेल साचले असेल तर ती बॅच ९५ अंशांपर्यंत तापवून, पाणी तपासून, पुन्हा मिलमधून काढा.