क्यूजीआयएसमध्ये रंकाळा गायब : मी काय केलं

परवाना संपला म्हणून जुनं विकतचं मॅपिंग सॉफ्टवेअर सोडलं आणि क्यूजीआयएस या मोफत मॅपिंग सॉफ्टवेअरवर आलो. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाची जुनी शेपफाइल (नकाशाच्या माहितीचा फाइल-प्रकार) उघडली, तर ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर रंकाळ्याच्या जागी काहीच नाही. लेअरशेजारी प्रश्नचिन्ह, आणि मराठी नावांच्या जागी कचरा.

आधी सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. मग फाइल ईपीएसजी:४३२६ (अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीचा क्रमांक) निवडून नव्याने सेव्ह केली, फरक शून्य. दोन दिवस डोकं फिरलं.

मूळ कारण: फाइल्स कॉपी करताना शेपफाइलच्या जोडीच्या .पीआरजे (आकडे कोणत्या पद्धतीत मोजलेत ते सांगणारी) आणि .सीपीजी (अक्षरांचं एन्कोडिंग सांगणारी) मागेच राहिल्या होत्या.

लेअर प्रॉपर्टीजच्या इन्फर्मेशनमध्ये एक्स्टेंट (लेअर कुठून कुठपर्यंत आहे त्याचे आकडे) पाहा. माझे आकडे साधारण ४,१५,००० आणि १८,४५,००० होते. हे अंश नव्हेत, मीटर आहेत, म्हणजे यूटीएम (पृथ्वीचे झोन पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत). कोल्हापूर झोन ४३ उत्तरमध्ये येतं.

मग लेअरवर राइट क्लिक, लेअर सीआरएस, सेट लेअर सीआरएस, ईपीएसजी:३२६४३ (सीआरएस म्हणजे मोजणीची पद्धत, हा क्रमांक झोन ४३ उत्तरचा). यात आकडे बदलत नाहीत, ते कशात मोजलेत एवढंच सांगितलं जातं. झूम टू लेअर केलं, रंकाळा जागेवर. (दोनेकशे मीटर सरकलेला दिसला तर जुना एव्हरेस्ट डेटम (मोजणीसाठी धरलेला पृथ्वीचा जुना आकार) असण्याची शक्यता तपासा.)

नावांसाठी: प्रॉपर्टीज, सोर्स, एन्कोडिंग यूटीएफ-८. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात टाइप केलेली नावं मात्र यानं सुधारत नाहीत, आधी ती युनिकोडमध्ये बदलावी लागतात.

शेवटी एक्सपोर्ट करून जिओपॅकेज (शेपफाइलऐवजी वापरायचा नवा फाइल-प्रकार) केलं. शेपफाइलमध्ये कॉलमच्या नावाला १० बाइट्सच मिळतात, मराठी अक्षर ३ खातं, आणि काना-उकार वेगळे ३-३. 'तालुका'सुद्धा मावत नाही.