लेकीकडं रशियात सेंट पीटर्सबर्गला दोन-अडीच महिने राहायला जाताना

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं तिकडं मेडिकलला आहेत म्हणून आईवडील उन्हाळ्यात जाऊन राहतात, मी पण जून ते ऑगस्ट लेकीकडं राहून आले, तर जाणाऱ्यांसाठी लिहिते. आठ दिवसांच्या टूरचं सगळं एजंट बघतो ओ, पण महिनोन् महिने राहायचं म्हणजे तिथं घर चालवायचं असतंय, त्याची तयारी वेगळी.

आधी कागदपत्रं. ई-व्हिसावर फार तर ३० दिवस राहता येतं, म्हणून निमंत्रणावरचा व्हिसा काढा. आपल्या सीमाभागात एकाच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर वेगळंच असतंय, कुठं आडनाव आधी, कुठं नुसतं इनिशियल, तेव्हा निमंत्रणातलं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. उतरल्यावर मायग्रेशन कार्ड, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीचा कागद मिळतो, चिटोऱ्यासारखं दिसतं पण परत निघेपर्यंत पासपोर्टातच ठेवायचं. आणि कामाच्या ७ दिवसांत राहण्याच्या पत्त्याचं सरकारी रजिस्ट्रेशन झालंच पाहिजे. हॉटेलवाले आपणहून करतात, भाड्याच्या घरात मात्र ते घरमालकानं करायचं असतं, म्हणून घर ठरवतानाच विचारा आणि तो नंतर बघू म्हणाला तर दुसरं घर बघा.

पैसे कॅशच न्या. मार्च २०२२ पासून आपली व्हिसा, मास्टरकार्डची बँककार्डं तिथं चालत नाहीत. डॉलरच्या नोटा कोऱ्या घ्या, फाटलेल्या किंवा शिक्का मारलेल्या नकोत, आणि बँकेतच बदला. इन्स्टा, फेसबुक बंद आहे, व्हॉट्सॲप कॉलवर पण ऑगस्ट २०२५ पासून बंधनं आलीत, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा म्हणजे फोन लागला नाही तर उगाच घाबरणार नाहीत.

मला सगळ्यात जड गेली ती झोप. जूनमध्ये तिथं सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे चारच्या आधी परत वर, मधे अंधार असा होतच नाही. पहिले चार दिवस खिडकीतला उजेड बघून संध्याकाळच वाटायची, मी बारापर्यंत आवराआवर करत बसायची आणि तीनला उठून चहा ठेवायची, शेवटी डोकं इतकं दुखायला लागलं की लेक रडकुंडीला आली. मग खिडकीला जाड काळी चादर लावली, दोन्ही कडांना कपड्यांचे चिमटे, वर एक फट राहत होती तिथं टॉवेल खोचला, त्या रात्री पहिली झोप लागली. चादर आणि चिमटे इथूनच न्या. बीपीची गोळी घड्याळ बघून घ्या, उजेड बघून नको. औषधांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी हवीच.

रात्री नेवा नदीवरचे पूल जहाजांसाठी उघडतात, साधारण एक ते पाच, आणि मेट्रो बाराच्या सुमारास बंद होते, म्हणून बघायला जाताना आपलं घर नदीच्या कुठल्या बाजूला ते लक्षात ठेवून त्याच काठावर उभं राहायचं. जिन्याच्या दाराला तिथं पारादनाया म्हणतात, त्यावरचे कागद रोज कुणाकडून तरी वाचून घ्या, कारण उन्हाळ्यात पाइपच्या कामासाठी नळाचं गरम पाणी १४ दिवसांपर्यंत बंद ठेवतात आणि ते तिथंच लिहिलेलं असतं. आम्हाला वाचता आलं नाही, डोक्याला शाम्पू लावून झाल्यावर कळलं. एक मोठं पातेलं घेऊन ठेवा. गार पाणी म्हणजे किती गार ते आपल्या जानेवारीत सुद्धा कळत नाही.

जेवणाची काळजी नको. मान्का म्हणजे आपला बारीक रवा, उप्पीट छान होतं. केफिर ताकासारखंच. शेपू तर सगळ्यावर घालतात, उक्रोप म्हणतात त्याला. शाकाहारी असाल तर 'या नी येम म्यासा' एवढं पाठ करा, मी मांस खात नाही असा अर्थ, आणि सूपच्या बाबतीत परत विचारा कारण भाजीचं दिसलं तरी पाणी मांसाचं असू शकतं. जोंधळ्याची कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर न्या, भाकरी डब्यात उभी लावा, आडवी रचली की तुकडे होतात.