पॉलिटोपियात ट्राइब निवडताना आधी स्टारचा हिशोब बघा

डोंबिवलीहून सीएसएमटीची स्लो पकडली आणि निदान चौथी सीट मिळाली, की 'द बॅटल ऑफ पॉलिटोपिया'चा 30 टर्नचा डाव आरामात बसतो. 2016 साली आलेला हा मोबाइल गेम मी रोज खेळतो. एक ट्राइब, म्हणजे जमात, निवडायची आणि टर्नमागून टर्न, म्हणजे पाळीपाळीने, तिचं राज्य वाढवायचं. यात नवख्यांना मिळणारा एकच सल्ला ऐकून माझे कान किटलेत: "सगळ्यात तगडी ट्राइब घे." तगडी म्हणजे काय, ते मात्र कोणी सांगत नाही.

परफेक्शन मोड, म्हणजे 30 टर्नमध्ये जास्तीत जास्त गुण करायचा प्रकार, घ्या, दोन प्रतिस्पर्धी ठेवा, ट्राइब बार्डूर. ती फुकटात मिळते.

स्टार म्हणजे गेममधला पैसा. सुरुवातीला हातात 5 स्टार असतात आणि राजधानी टर्नला 2 स्टार देते. बार्डूरला शिकार आधीपासून येते. राजधानीजवळचे दोन प्राणी मारा, 4 स्टार जातील, लोकसंख्या दोनने वाढेल आणि शहर दुसऱ्या लेव्हलला जाईल. गेम विचारेल, वर्कशॉप हवं की एक्सप्लोरर? वर्कशॉप. यावर मी वाद घालत नाही. एक स्टार नव्या लेव्हलचा, एक वर्कशॉपचा, उत्पन्न 2 वरून 4 झालं, म्हणजे घातलेले स्टार दोन टर्नमध्ये वसूल. अशी बोहनी झाली की पुढचा डाव सोपा जातो.

वॉरियरला गाव शोधायला पाठवा. गावावर पोचल्यावर ते पुढच्या टर्नला ताब्यात घेता येतं आणि आपलं शहर होतं, तोवर तिथून हलू नका.

आता टेक, म्हणजे स्टार देऊन शिकायच्या विद्या. माझं घोडं इथेच अडलं होतं, आणि तेही बरेच महिने. टेकच्या यादीत, म्हणजे टेक ट्रीवर, जे दिसेल ते मी विकत घ्यायचो. एक मासा दिसला की फिशिंग, एक डोंगर दिसला की क्लाइंबिंग. दहाव्या टर्नला माझ्याकडे सहा टेक आणि दोन शहरं असायची, आणि समोरच्याकडे पाच शहरं. दसऱ्याच्या खरेदीसारखं, पिशव्या भरलेल्या आणि खिसा रिकामा.

टेकची किंमत ठरलेली नसते, ती शहरांच्या संख्येबरोबर वाढते. पहिल्या पायरीचं टेक एका शहरावर 5 स्टारला, दुसऱ्या पायरीचं 6 ला, तिसऱ्याचं 7 ला. नवं शहर आलं की त्यात अनुक्रमे 1, 2 आणि 3 स्टारची भर पडते. पाच शहरं झाली की तीच टेक 9, 14 आणि 19 ला पडतात. हे कळल्यावर मी दुसरा मूर्खपणा केला, टेक स्वस्त राहावीत म्हणून गावंच घेईनासा झालो. तुम्ही हे करू नका. गाव डाव संपेपर्यंत दर टर्नला निदान एक स्टार देतं. दोन स्टार वाचवायला गाव सोडणं म्हणजे तिकिटाचे पैसे वाचवायला कल्याणपासून चालत येणं.

यातून वाट दाखवली ती घाटकोपरला चढलेल्या एका कॉलेजच्या पोराने. माझ्याकडे चार शहरं होती, हातात 12 स्टार, आणि वॉरियर पाचव्या गावावर उभा. मी ताब्याच्या बटणाकडे अंगठा नेला तोच तो माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "काका, आधी फॉरेस्ट्री घ्या ना." फॉरेस्ट्री म्हणजे जंगलाचं टेक. चार शहरांवर ही दुसऱ्या पायरीची फॉरेस्ट्री बरोबर 12 ला होती. गाव आधी घेतलं असतं तर ती 14 ला गेली असती आणि माझा एक टर्न फुकट गेला असता. आगाऊपणाचा राग आला खरा, पण त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून एकाच टर्नमध्ये दोन्ही करायचं असेल तर माझा क्रम ठरलेला: आधी टेक, मग गाव.

आणि टेक घ्यायचं ते नकाशा बघून. आपल्या हद्दीत त्या टेकच्या कामाच्या निदान दोन-तीन जागा आत्ता दिसत नसतील तर थांबा. जंगल भरपूर असेल तर फॉरेस्ट्री घ्या. बार्डूरच्या मुलखात शेतीचं पीकच नसतं, तरी लोक फार्मिंगला स्टार घालतात. का, देव जाणे.

ट्राइबलाही हीच फूटपट्टी लावा: पहिले 5 स्टार किती टर्नमध्ये परत येतात? इम्पेरियस फळांच्या जोरावर बार्डूरसारखीच सुरुवात करते, म्हणून ती दुसऱ्या नंबरला. शिन-शी डोंगरातली, तिच्या खाणी चालायला वेळ लागतो. ओउमाजीकडे पहिल्यापासून घोडेस्वार, पण भोवती वाळवंट. गावं झटपट शोधता आली तरच तिचं जमतं. सगळ्यात मोठी फसगत वेंगिरची. ती विकत घ्यावी लागते आणि पहिल्याच टर्नला तलवारबाज देते, म्हणून मीही पैसे मोजले. पण तिच्या मुलखात फळं, प्राणी, मासे जेमतेम. हातात तलवार आणि ताटात काही नाही. शिकून झाल्यावर खेळा हवं तर.

राज्य वाढवायचाच दुसरा गेम, 'सिव्हिलायझेशन 6', खेळणाऱ्यांनाही हेच सांगेन. मराठे शोधू नका, त्यात ते नाहीत. मग आपले म्हणून गांधीजी घेतले जातात, पण त्यांचा फायदा धर्म आणि शांततेच्या हिशोबात असतो आणि नवखा तिथे गोंधळतो. त्यापेक्षा ट्राजनचं रोम घ्या. नव्या शहरात मॉन्युमेंट ही इमारत आयती मिळते आणि वसूली पहिल्या शहरापासून सुरू.

लढाईबद्दल एवढंच, की सीमेवरचं शहर रिकामं ठेवू नका.

शेवटच्या चार-पाच टर्नना हिशोब उलटा होतो. वसूल व्हायला वेळच उरलेला नसतो, तेव्हा उत्पन्न वाढवणं बंद करा आणि थेट गुण देणाऱ्या गोष्टी घ्या: लोकसंख्या, पार्क, उरलेली टेक. मी भायखळ्याला खर्च सुरू करतो आणि मशीद बंदरपर्यंत खिसा रिकामा करतो. तिसाव्या टर्ननंतर शिल्लक स्टारचं काय लोणचं घालायचंय?