प्रिंटरचा आयपी सर्व्हरवरूनच पक्का करा

काल चालणारा प्रिंटर आज 'ऑफलाइन' दिसतो, तेव्हा यंत्र बहुधा ठणठणीत असते. त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, बदललेला असतो. मग कोणीतरी प्रिंटरच्या मेनूत हाताने आयपी टाकून मोकळे होते. आयपी वाटणाऱ्या सर्व्हरला याची खबरच नसते, त्यामुळे पुढेमागे तोच आयपी एखाद्या लॅपटॉपला जातो आणि दोघेही अडकतात. म्हणून प्रिंटर डीएचसीपीवरच (सर्व्हरने आपोआप आयपी देण्याच्या पद्धतीवर) ठेवावा आणि त्याचा आयपी सर्व्हरवर राखून ठेवावा.

विंडोज सर्व्हर आणि १९२.१६८.१ ने सुरू होणारे साधे नेटवर्क धरून चालू. आधी सर्व्हरला कायमचा आयपी द्या, समजा १९२.१६८.१.१०. सर्व्हर मॅनेजरमधून 'डीएचसीपी सर्व्हर' हा रोल (सर्व्हरने करायचे काम) टाका. डोमेन (ऑफिसच्या संगणकांची एकत्रित व्यवस्था) असेल तर सर्व्हर ऑथराइझ करावा लागतो, म्हणजे त्याला आयपी वाटायची परवानगी द्यावी लागते, नाहीतर तो कोणालाच आयपी देत नाही. मग डीएचसीपीच्या खिडकीत आयपीव्ही४ वर राइट क्लिक, 'न्यू स्कोप' (वाटायच्या आयपींचा पट्टा), १९२.१६८.१.५० ते १९२.१६८.१.२००, सबनेट मास्क (नेटवर्कची व्याप्ती सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. लीज (दिलेला आयपी वापरायची मुदत) ८ दिवसांची आपोआप येते, ती राहू द्या. गेटवे (नेटवर्कबाहेर जायचा मार्ग) आणि डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा) भराच. त्यांच्यावाचून छपाई होते, पण स्कॅन केलेला कागद ईमेलने जात नाही. त्यानंतर राउटरमधला डीएचसीपी बंद करा. दोन्ही चालू राहिले तर जो आधी उत्तर देईल त्याचा आयपी प्रिंटर घेतो, आणि रिझर्व्हेशन (राखून ठेवलेला आयपी) कधी चालते, कधी नाही.

आता प्रिंटरवरून कॉन्फिगरेशन पेज छापा. त्यावर १२ अक्षर-अंकांचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाची ओळख, असतो. सर्वांत जास्त चुका इथेच होतात: केबलचा मॅक वेगळा, वायफायचा वेगळा. प्रिंटर ज्या मार्गाने जोडला आहे त्याचाच घ्या. स्कोपखाली 'रिझर्व्हेशन्स', 'न्यू रिझर्व्हेशन'. नाव असे द्या की जागा कळावी ('लेखा-पहिला मजला'), आयपी १९२.१६८.१.१८१, आणि मॅक मधली चिन्हे काढून सलग. प्रिंटरांसाठी १८१ ते २०० राखले की नोंद सोपी जाते. प्रिंटरवर आयपी 'मॅन्युअल' असेल तर 'डीएचसीपी' करा आणि यंत्र बंद करून चालू करा. न केल्यास जुना आयपी निदान अर्ध्या लीजपर्यंत, म्हणजे ४ दिवस, तसाच राहू शकतो.

प्रिंटरने १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी घेतला, तर सर्व्हरचे उत्तर त्याच्यापर्यंत पोचलेलेच नाही. केबल ठीक असेल तर स्विच पाहा. स्पॅनिंग ट्री (केबलींचे वेटोळे टाळणारी सोय) चालू असलेले काही स्विच आपला पोर्ट, म्हणजे केबलची जागा, उघडायला ३० सेकंद लावतात, तोवर प्रिंटर विचारून थकलेला असतो. त्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न पाहता पोर्ट उघडणारी सोय) चालू करा. प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये) असेल तर तिथल्या गेटवेवर डीएचसीपी रिले (विनंती सर्व्हरपर्यंत पोचवणारी सोय) लागतो, शिवाय सर्व्हरवर त्या नेटवर्कचा स्वतंत्र स्कोपही. दुरुस्तीत नेटवर्क कार्ड किंवा मुख्य बोर्ड बदलला असेल तर मॅकही बदललेला असू शकतो. पेज पुन्हा छापून रिझर्व्हेशन ताडून घ्या.

एवढे करूनही संगणक ऑफलाइनच दाखवत असेल, तर संगणकातला प्रिंटरचा पोर्ट (छपाई कुठे पाठवायची याची नोंद) जुन्या आयपीकडेच बोट दाखवत असतो. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधल्या 'पोर्ट्स'मध्ये नव्या आयपीचा 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' जोडा. पिंग लागते (प्रिंटर नेटवर्कवर उत्तर देतो), तरी ऑफलाइन? मग त्याच पोर्टच्या 'कॉन्फिगर'मध्ये एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची स्थिती विचारणाऱ्या सोयीची) खूण काढून पाहा.