बाळ येण्याआधी गाडी निवडताना
बाळाच्या आगमनापूर्वी गाडी घ्यायची असेल, तर शोरूममध्ये जाताना बाळाची कार सीट आणि बाबागाडी सोबत न्यावी. विक्रेत्याला ते थोडे विचित्र वाटले तरी हरकत नाही. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवावी लागते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आर १२९ नियमानुसार बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत ती तशीच ठेवायची असते. ही सीट बरीच जागा खाते, म्हणून ती मागे बसवून घरातील सर्वांत उंच व्यक्तीला तिच्या पुढच्या सीटवर बसवावे. गुडघे डॅशबोर्डला टेकत असतील, तर ती गाडी आपल्यासाठी नाही. मागच्या सीटच्या फटीत बोटे घालून आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट गाडीला अडकवण्याच्या, कड्या सहज हाताला लागतात का, हेही चाचपावे. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड केलेली सीट कधीही बसवू नये. बाबागाडी मिटून डिकीत ठेवून पाहावी. डिकीची क्षमता कागदावर पुष्कळ लीटर असली, तरी तिचे तोंड अरुंद असेल तर उपयोग नाही. मागचे दार रुंद उघडणारे आणि सीट फार खोल नसलेली असावी, कारण प्रसूतीनंतर वाकून बाळाला उचलणे जड जाते. सनरूफचा विचार सर्वांत शेवटी करावा.