आयसीयूतून घरी आणल्यावर

न्यूमोनियामुळे हे १९ दिवस आयसीयूत होते, त्यातले ११ व्हेंटिलेटरवर. घरी आणलं तर पाहुणे पेढे घेऊन हजर, आणि ह्यांना खुर्चीतून उठता येईना! गंभीर आजारात पहिल्या आठवड्यातच स्नायू भराभर झिजतात, भरून यायला महिने लागतात. अंगातली शक्ती, डोकं आणि मन तिन्ही मागे पडतात. डॉक्टर त्याला पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम म्हणतात.

फिजिओथेरपिस्टने आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं, मग धरून उभं केलं. पुढे तुळशीपर्यंत १४ पावलं. एकदा बरं वाटतंय म्हणून आम्ही दुप्पट चालवलं, नि पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले. चालताना वाक्य पुरं बोलता येत नसेल तर थांबा. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवाच.

घशात बरेच दिवस व्हेंटिलेटरची नळी राहिली की गिळणं बिघडू शकतं. ह्यांना पाण्याचा ठसका लागे, घट्ट पेजेचा नाही. पातळ पदार्थ घशातून झरकन सरकतात. ठसका लागत असेल किंवा खाल्ल्यावर आवाज ओलसर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, घरी प्रयोग नकोत. सरळ बसवून छोटे घास द्या, टीव्ही बंद. मुगाचं वरण, अंडी, पनीर रोज हवं; किडनीचा त्रास असेल तर किती ते विचारून.

दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळाले. घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात.

सगळ्यात उपयोगी पडली ती वही. आयसीयूबाहेर बसून रोज काय झालं ते मी लिहीत होते. ह्यांना आठवत होतं ते वेगळंच: एसटी स्टँडवर कंडक्टरांनी बांधून ठेवलंय! नळी ओढू नये म्हणून ब्रदरांनी, म्हणजे पुरुष नर्सनी, हात खरंच बांधले होते. वही वाचून दाखवली, तर म्हणाले, "म्हणजे ते ब्रदर होते होय?" पण वाचायची घाई करू नका, रुग्णाने मागितल्यावरच काढा.

ह्यांच्याकडून वीजबिल दोनदा भरलं गेलं, तेव्हापासून पैशांचे व्यवहार काही महिने मीच पाहिले. अचानक ताप, धाप किंवा गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि स्वतःचं? वॉशिंग मशीन पिंपिं करायला लागलं की मला मॉनिटर आठवून घाम फुटे. डॉक्टर म्हणाले, घरच्यांनाही हे होतं, झोप उडाली असेल तर उपचार घ्या. मग दर शनिवारची रात्र जाऊबाईंवर सोपवली. पहिल्या शनिवारी मी दहा तास झोपले. उठले तर हे विचारतात, "आजारी नक्की कोण होतं?"